मक्याची पारख

आम्हांस कबुतरांचा नाद आहे. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने असा नाद बाळगावा की नाही, याविषयी आमच्या शिक्षकवर्गात दोन मते असावीत. परंतु त्यांतले प्रतिकूल मत आमच्या कानी पडू नये एवढी दक्षता सहकारी घेत असतात. घरात मात्र एकच मत आहे, आणि आमच्या सौभाग्यवती ते दर रविवारी मोकळेपणाने मांडतात. "अहो, घरचे तांदूळ तुम्ही दुकानदार देईल ते घेऊन येता, आणि त्या पाखरांच्या मक्यासाठी अर्धा दिवस हाथीखान्यात घालवता!" आरोप खरा आहे. तो नाकारण्याचा प्रयत्न आम्ही कधी केला नाही.

बडोद्यात कबुतर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे चबुतऱ्यावर ज्वारी टिपणारे थवे येतात. आमची कबुतरे ती नव्हेत. ही शर्यतीची, बेल्जममध्ये नावारूपास आलेली जात. शौकीन लोक त्यांना 'होमर' म्हणतात. अनोळखी ठिकाणी नेऊन सोडले असता आपले घर शोधीत परत येणे हा त्यांचा धर्म. रीतसर शर्यती चेन्नई-बंगलोरकडे भरतात. इथे आम्ही चारपाच समानशील गृहस्थ हिवाळ्यात आपापसांत होड लावतो, एवढेच. टोपल्या आगगाडीने गोध्र्यास किंवा दाहोदला धाडायच्या, तिथल्या स्नेह्याने सकाळी झाकण उघडायचे, आणि आम्ही कारेलीबागेतल्या घराच्या गच्चीवर घड्याळ घेऊन बसायचे. दाहोद इथून हवाई मार्गाने सुमारे सव्वाशे किलोमीटर. वारा अनुकूल असला तर तयारीचे पाखरू दोन तासांत घरी येते. वाटेत ते खाली उतरत नाही, पाणी पीत नाही. अर्धा किलोसुद्धा वजन नसलेला तो जीव हे अंतर कशाच्या बळावर तोडतो, असा प्रश्न पडला की उत्तराचा मोठा भाग दाण्याच्या डब्यात सापडतो.

त्या डब्यात हरभरा असतो, वाटाणा, मूग, मठ, ज्वारी, बाजरी, गहूही असतो. पण दूरच्या उड्डाणाचे खरे इंधन मका. त्यात सुमारे सत्तर टक्के पिष्ट, आणि गहू-ज्वारीच्या मानाने तेलाचा अंश अधिक. ते तेल बहुतेक सारे कोंबाच्या ठिकाणी साठवलेले. लांब पल्ल्याच्या उड्डाणात कबुतर मुख्यतः अंगातली चरबी जाळीत जाते. म्हणून टोपली धाडण्याआधीचे तीनचार दिवस मका वाढवायचा, विश्रांतीच्या दिवसांत कमी करायचा, आणि पिलांच्या किंवा पिसे झडण्याच्या दिवसांत कडधान्यावर भर द्यायचा, असा आमचा क्रम. दर पाखरामागे दिवसाला सुमारे ३० ग्रॅम दाणा. आमची पाखरे २६. म्हणजे हिशेब फार मोठा नाही. सौभाग्यवतींचा आक्षेप पैशाला नसून वेळेला आहे.

आता हा वेळ कशात जातो ते सांगतो. मका पिवळा घ्यावा. पंचमहाल-दाहोदकडे माणसांच्या रोटल्यासाठी पांढरा मका अधिक मानतात. त्याची चव आम्हांसही प्रिय आहे. परंतु पिवळ्या दाण्यातल्या रंगद्रव्यापासून पाखराला 'अ' जीवनसत्त्व मिळते, ते पांढऱ्यात मिळत नाही. दाणा लहान आणि गोलसर असावा. ज्याच्या माथ्यावर दातासारखी खाच असते तो मोठा, चपटा, मऊ पिठाचा दाणा कोंबड्यांच्या भरड्यासाठी ठीक. कबुतर दाणा फोडीत नाही, सबंध गिळते, आणि त्याच्या पोटातले जाते तो वाळूखड्यांच्या मदतीने दळते. आईबापांनी पिलाच्या घशात ओतलेला दाणा अवजड असला तर पिलाचे हाल होतात. चकचकीत, काचेसारखा कठीण, बारीक दाणा मिळाला की आम्हांस परीक्षेत अनपेक्षित उत्तम निबंध हाती लागल्याचा आनंद होतो.

पोत्याच्या तोंडाशी असलेल्या दाण्यावर विश्वास ठेवू नये. ते व्यापाऱ्याचे पाहुण्यांपुढचे वागणे असते. आम्ही कोपरापर्यंत हात पोत्यात घालतो. आत गार आणि मोकळे लागले पाहिजे. उबदार लागले तर त्या पोत्यात ओल आहे, आणि ओलीबरोबर काहीतरी जिवंत आहे, मग ते सोंडे असोत की बुरशी. हात बाहेर काढल्यावर तो पिठाने पांढरा झाला तर सोंड्यांनी आपला वाटा आधीच उचलला आहे असे समजावे. मग वास. चांगल्या मक्याला गोडसर, कोरडा वास असतो. बिघडलेल्याला बंद तळघराचा. मग दात. कोरडा दाणा दाताखाली कडकन फुटतो, ओला दबतो. साठवणुकीच्या मक्यात ओल शेकडा १३-१४ च्या वर नसावी असे शास्त्र सांगते. आमच्या दाढेला आकडे कळत नाहीत, पण आवाज कळतो. त्यातूनही शंका राहिली तर शंभर दाणे घरी आणून ओल्या फडक्यात बांधून ठेवतो. पाचव्या दिवशी नव्वदांना कोंब आले तर पोते घेतो. जो दाणा उगवू शकतो तो मेलेला नाही, आणि कबुतराला मेलेले अन्न घालू नये असे आमचे मत आहे. बियाण्याचा, औषध लावून लाल-गुलाबी केलेला मका स्वस्तात मिळाला तरी त्याकडे पाहूही नये. ते सरळ विष आहे.

हाथीखान्यातले आमचे शेठ ही सारी परीक्षा वीस वर्षे पाहत आले आहेत. "साहेब, मकाई घ्यायला आलात की मुलगी बघायला?" हा त्यांचा ठरलेला विनोद. आम्हीही ठरल्याप्रमाणे हसतो.

या परीक्षेतली सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे दाण्याचा काळेपणा. दाणा जिथे कणसाला चिकटलेला असतो त्या टोकावरचे पापुद्र्यासारखे टोपण नखाने काढले की खाली काळसर थर दिसतो. नवखा माणूस तो पाहून पोते नाकारतो. वस्तुतः तो थर म्हणजे दाणा कणसावर पुरता पिकल्याची खूण. तो दिसला तर उलट समाधान मानावे. वाईट काळेपणा निराळा. तो दाण्याच्या पोटाशी, कोंबाच्या खळग्यात सालीखाली दिसतो. कधी निळसर, कधी करडा, कधी हिरवट-पिवळी भुकटी धरलेला. हा भेद आम्ही कित्येक नवशिक्या शौकिनांना हातावर दाणे घेऊन समजावून दिला आहे. शिकवणे हा आमचा व्यवसायच आहे. याच ज्ञानाने आमचा घात कसा केला ते सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले. कारेलीबागेत ते आमच्या तळमजल्यात दोन दिवस उभे होते. पुस्तकांची दोन कपाटे गेली, त्याचे दुःख वेगळे. दाण्याचे दोन्ही पिंपही गेले. गच्चीवरची पाखरे सुखरूप होती. त्यानंतरचे दोन महिने आम्ही किलो-दोन किलो असा किरकोळ दाणा आणून दिवस काढले. परतीचा पाऊसही लांबला. नवा मका बाजारात आला तो ओलसर. आम्ही हात घालायचो आणि रिकामे परतायचो.

अशा वेळी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी दारी आला. नोकरीची पहिली सात वर्षे आमची पंचमहालातल्या एका खेड्यात गेली, तेव्हाचा हा मुलगा. आता चाळिशी ओलांडलेला, तीन एकरांचा धनी. मोटारसायकलच्या मागे वीस किलोंचे पोतडे बांधून सुमारे दोन तासांची वाट तुडवीत आला होता. आमचे पाणी भरल्याचे त्याला कोणाकडून तरी कळले होते. "साहेबांच्या पाखरांचा दाणा वाहून गेला, म्हणून आमच्या शेतातला आणला," असे म्हणून त्याने ते पोतडे ओट्यावर ठेवले. त्याचे बोलणे गुजराती. इथे मराठीत देतो.

आम्ही सवयीप्रमाणे हात घातला. आत ऊब होती. किंचित. मूठभर दाणे उजेडात धरले. दाणा बारीक, पिवळा, दृष्ट लागण्यासारखा. पण दहांतल्या एकाच्या कोंबाशी छाया होती. आम्ही नखाने एका दाण्याचे टोपण काढले, खालचा काळा थर पाहिला, आणि मोठ्याने म्हणालो, "वा! पुरता पिकलेला आहे." वाक्य खरे होते. परंतु आम्ही पाहिले एक आणि बोललो दुसऱ्याबद्दल. तो समोर उभा होता, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर गणित बरोबर आल्यावर पूर्वी दिसायचे तेच समाधान. त्याला काय सांगायचे? तुझे वर्षभराचे पीक आमच्या कबुतरांच्या लायकीचे नाही, हे? सौभाग्यवतींनी त्याला फराळाचे ताट दिले. जाताना तो पाया पडला. हाथीखान्यातल्या शेठांच्या पोत्यात अशी ऊब लागती तर आम्ही दोन शब्द सुनावून पुढच्या दुकानी गेलो असतो.

मका दोन दिवस गच्चीवर उन्हात पसरला, सुपाने पाखडला, डोळ्यांना दिसले तेवढे काळे दाणे वेचले, आणि आमच्या मनाचे समाधान झाले. हिवाळ्याची उड्डाणे तोंडावर होती. आम्ही मक्याचे प्रमाण निम्म्यावर नेले.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गोध्र्याहून चौदा पाखरे सोडली. गोध्रा म्हणजे सत्तर किलोमीटरांच्या आतले अंतर. आमच्या पाखरांना अंगणासारखे. तासा-सव्वातासात सारी यायला हवी होती. संध्याकाळपर्यंत नऊ आली. दोन दुसऱ्या दिवशी आली, ती गच्चीच्या कठड्यावर उतरून तिथेच बसून राहिली; खणात शिरण्याचीही उमेद नव्हती. तीन आलीच नाहीत. त्यांत आमची निळी पट्टीवाली मादी होती. सहा हिवाळे तिने एकदाही रात्र बाहेर काढली नव्हती. आम्ही प्रथम ससाण्याला दोष दिला, मग धुक्याला. त्या दिवशी धुके नव्हते, हे गोध्र्याच्या स्नेह्यांनी दूरध्वनीवर सांगितले.

पुढच्या आठवड्यात घरची पाखरे पिसे फुलवून कोपरे धरू लागली. विष्ठा हिरवी, पातळ. सकाळी खाल्लेला दाणा संध्याकाळीही गळ्याखालच्या पिशवीत हाताला लागायचा. दोन कोवळी पिले गेली, मग एक म्हातारा नर. तो घेऊन आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी चिरून आम्हांस यकृत दाखवले. तांबडे-तपकिरी असायचे ते फिकट पिवळे, सुजलेले, बोटाने दाबले असता विरघळेलसे. "दाणा कोणता घालता?" त्यांनी विचारले. आम्ही खिशातली पुडी काढली. पारख करणाऱ्याच्या खिशात पुडी असतेच. त्यांनी भिंगाखाली चारपाच दाणे उकलून पाहिले. प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून ठाम काही सांगता येणार नाही, असे म्हणाले. मात्र मका त्या क्षणापासून बंद करा, असेही म्हणाले. मग हात धुता धुता सहज विचारले, "हा मका आणखी कोण खाते?"

वाचकहो, त्या क्षणापर्यंत हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नव्हता. आम्ही आमच्या कबुतरांचा विचार करीत होतो.

१९७४ साली आमचे वडील टपाल खात्यात गोध्र्यास होते. आम्ही सहा वर्षांचे. त्या वर्षी पिकावर दुष्काळाची छाया होती, आणि जो मका हाती यायचा त्यावर ऐन कापणीच्या सुमारास अवेळी पाऊस पडला. पावसाळा सरता सरता पंचमहालातल्या आणि पलीकडे राजस्थानातल्या बांसवाड्याच्या आदिवासी खेड्यांत एक विचित्र कावीळ पसरली. डोळे पिवळे, मग पोटात पाणी होऊन पोट फुगायचे, मग माणूस जायचा. दाहोद तेव्हा पंचमहालातच होते. टपाल वाटून परत येणारे लोक वडिलांना सांगायचे, आणि वडील रात्री आईला. त्यातली एकच गोष्ट आमच्या बालमनात राहिली: आधी गावचे कुत्रे मेले. कुत्र्यांचीही पोटे फुगली होती. घरातले उरलेसुरले रोटले तेच खायचे ना! पण कुत्रे मेले म्हणून कोणी मका टाकून दिला नाही. टाकून खायचे काय?

पुढे मोठेपणी आम्ही त्याविषयी वाचले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले कृष्णमाचारी, भट, नागराजन आणि टिळक यांनी त्या खेड्यांत जाऊन शोध घेतला, आणि १९७५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. ३९७ माणसे आजारी, १०६ मृत. कारण मक्यावरची 'अॅस्परजिलस फ्लेव्हस' ही बुरशी आणि तिने निर्माण केलेले 'अफलाटॉक्सिन' हे विष. तपासलेल्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम इतके विष सापडले; आज आपल्याकडे धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची, म्हणजे त्याच्या शेकडो पटींनी खालची, मर्यादा आहे. हे विष रोटला भाजून जात नाही. जनावराने खाल्ले तर त्याचा अंश दुधात उतरतो. जगाला त्याची ओळखसुद्धा पाखरांनीच करून दिली: १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की कोंबड्या बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने मेल्या, तेव्हा.

हे सारे आम्हांस ठाऊक होते. शाळेत विज्ञानदिनाला आम्ही यावर दहा मिनिटे बोललोही आहोत.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून आम्ही त्या खेड्यात गेलो. एस.टी. फाट्यावर सोडते; पुढे दीड कोस चालत. अठ्ठावीस वर्षांनी जात होतो. शाळेच्या खोल्या वाढल्या आहेत, चिंच तीच आहे. त्याच्या अंगणात म्हैस बांधली होती. धाकटी मुलगी पितळेच्या पेल्यातून दूध पीत होती. आम्ही त्या पेल्याकडे इतका वेळ पाहत राहिलो की तिच्या आईने आमच्यासाठीही एक भरून आणला.

आम्ही तो हातात धरला आणि सांगितले. सरळ सांगावे असे वाटेत ठरवले होते, तरी सुरुवात पाखरांपासूनच झाली. किती मेली, वैद्य काय म्हणाले. तो हळहळला. "साहेब, मग तुमच्या पाखरांना दुसरा दाणा देतो, घरात मागच्या सालचा आहे." त्याला वाटले, आम्ही मका बदलून घ्यायला आलो. तेव्हा आम्ही पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "पाखरांचे सोड. तुम्ही तोच मका खाता?"

खात होते. दोन्ही वेळ. म्हशीच्या आंबोणातही तोच भरडा. कोणी आजारी नव्हते. थोरल्या मुलाला पंधरा दिवस भूक नव्हती, ते त्यांनी हवेवर घातले होते. आम्ही त्याला कोंबाजवळची छाया दाखवली, सालीखालची हिरवट भुकटी दाखवली, टोकाच्या काळ्या थराशी तिचा भेद दाखवला. शेतकऱ्याचाच मुलगा, एका दाण्यात त्याच्या ध्यानात आले. त्याने मूठभर दाणे हातात खेळवले. मग खाली मान घालून विचारले, "साहेब, दिवाळीत तुमच्याकडे पोतडे सोडले, तेव्हा तुम्हांला हे दिसले होते का?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्यांनी आम्हांस नाना प्रश्न विचारले. उत्तर येत नसेल तर "उद्या सांगतो" म्हणण्याची सोय असते. आम्ही म्हणालो, "दिसले होते."

"मग बोलला नाहीत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या बायकोने आमच्यापुढचा पेला उचलला आणि दूध मोरीत ओतले. म्हशीचे उरलेलेही ओतले. मग तो म्हणाला, "सव्वीस दिवस झाले, साहेब." त्याने बोटांवर मोजले होते. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

मग कामाला लागलो. कोठीतला सारा मका अंगणात ताडपत्रीवर ओतला. पाऊस येईल म्हणून घाईने कणसे सोलून, पुरती न वाळवता, मातीच्या जमिनीवरच रास घातली होती. तळाचा थर जमिनीची ओल पिऊन गोळा झाला होता. माथ्याचा भाग पुष्कळ बरा. तळचा सुमारे पाचवा हिस्सा सरसकट बाजूला काढला. बाकीचा आम्ही सर्वांनी मिळून दाणा दाणा निवडला. त्याचे म्हातारे वडील, दोन शेजारी, ती धाकटी मुलगीही. निवडल्याने विषाचा मोठा भाग निघून जातो, पण डोळ्यांना न दिसणारे उरू शकते, हे आम्ही या खेपेला न गाळता सांगितले. म्हणून निवडलेल्यातला एक किलो तपासणीसाठी बडोद्यास न्यायचा आणि निकाल येईपर्यंत मागच्या सालचा दाणा आणि बाजारचे गहू खायचे, असे ठरले. वाईट मका कोंबड्यांनाही घालायचा नाही, म्हशीलाही नाही, बाजारात तर नाहीच. या शेवटच्या शब्दावर म्हातारे थोडे थबकले. दोन-अडीच क्विंटल माल होता. त्याची किंमत आम्ही देऊ केली. मुलाने हात जोडले आणि विषय बंद केला. तिसऱ्या प्रहरी बांधाशी खड्डा खणून तो पुरला. थोरल्या मुलाला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवले. रक्त तपासले, ते ठीक निघाले. प्रयोगशाळेचा कागद पंधरा दिवसांनी आला, आणि निवडलेला मका मर्यादेच्या आत होता. तो कागद आम्ही स्वतः नेऊन दिला.

त्या खेपेस निघताना तो आत गेला आणि लहान पोतडे घेऊन आला. "पाखरांसाठी," म्हणाला. आम्ही घ्यायला हात पुढे केला, तसे त्याने ते मागे ओढले. "असे नाही, साहेब. आधी बघा."

आम्ही ओट्यावर बसलो. हात आत घातला, गार, मोकळा. वास घेतला. दाढेखाली दाणा फोडला; आवाज झाला. एक मूठ ताटात पसरली आणि चष्मा पुसून पाहू लागलो. तो समोर उकिडवा बसून आमच्या बोटांकडे पाहत होता, त्याची धाकटी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून. तीन दाणे आम्हांस पटले नाहीत. ते निवडून आम्ही त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने ते उजेडात धरून पाहिले, मुलीला दाखवले, चुलीत टाकले, आणि मग पोतडे आमच्या पिशवीत रिकामे केले.